झाड कशानं मोजायचं? : महावृक्षांची चित्रं आणि त्यांचं रान

मागच्या वेळी ‘सुंदर’ आणि ‘उदात्त’ यांतला फरक सांगता सांगता वेळ संपला, आणि उठता उठता मी म्हणून गेलो की बिचाऱ्या कांटनं खरोखरचं मोठं झाड कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून त्या एकाच वाक्याबद्दल विचारणा होते आहे. म्हणून आज तेच घेऊ. पडद्यावर काही चित्रं दाखवणार आहे. पण आधीच सांगून ठेवतो, मी चित्रकार नाही आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तर नाहीच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. चित्रापुढे मी उभा राहतो तो एवढंच शोधायला, की हा माणूस नक्की कोणत्या अडचणीतून वाट काढतो आहे.

अडचण कोणती, ते मला एका नऊ वर्षांच्या मुलीनं दाखवलं. माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं कोणी ना कोणी तिकडे असतंच (हशा), त्यामुळे आईवडील तिकडे गेले की त्यांना कुठे कुठे फिरवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या यादीत योसेमिटी असतं, आणि योसेमिटीच्या दक्षिण टोकाला मॅरिपोसा ग्रोव्ह. ग्रोव्ह म्हणजे आपली राई. ही महाकाय सिकोया वृक्षांची राई आहे. तिथे ‘ग्रिझली जायंट’ नावाचं एक झाड आहे. उंची सुमारे २०९ फूट, म्हणजे वीस मजली इमारत धरा. बुंध्याचा घेर नव्वद फुटांच्या वर. वय दोन हजार वर्षांच्या पुढे. काही अंदाज तीन हजारांपर्यंत जातात.

नातीनं वही काढली आणि समोर बसून झाड काढलं. खोड, फांद्या, वर पानांचा झुपका. कागदावर सगळं व्यवस्थित बसलं. आणि तिचं तोंड उतरलं. कारण कागदावर जे उतरलं होतं ते आमच्या अंगणातल्या आंब्याइतकं झाड होतं. थोडा वेळ तिनं पेन्सिल चावली, मग बुंध्याशी मुंगीएवढा एक माणूस काढला आणि म्हणाली, “हे तुम्ही, आजोबा.” त्या क्षणी झाड प्रचंड झालं. खोडाची एक रेघही न बदलता.

आता यात गंमत आहे तशी फसगतही आहे. तो मुंगीएवढा आजोबा चित्रात आला की काय मिळतं आणि काय हातचं जातं, एवढाच माझा आजचा विषय आहे.

कांटकडे जाऊ. १७९० च्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये सव्विसावं कलम आहे. तिथे तो म्हणतो की मोठी गोष्ट पाहताना मन दोन कामं करत असतं. एक काम म्हणजे तुकड्यातुकड्यानं घेत जाणं. याला शेवट नाही. घ्याल तितकं घेता येतं. दुसरं काम म्हणजे घेतलेलं सगळं एका नजरेत एकवटणं. इथे मात्र आपली झोळी लहान पडते. पुढचे तुकडे आत येईपर्यंत आधीचे निसटलेले असतात. त्यानं उदाहरण दिलंय पिरॅमिडचं, तेही साव्हारी नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाच्या हवाल्यानं, कारण कांट स्वतः कोनिग्जबर्ग सोडून लांब असा कधी गेलाच नाही. पिरॅमिडच्या फार जवळ जाऊ नका, फार लांबही राहू नका. लांबून दगड वेगळे दिसत नाहीत. अगदी जवळून पायापासून टोकापर्यंत नजर जाईतो पाया विसरलेला असतो.

आणि याच कलमात थोडं पुढे तो मापांची एक शिडी लावतो. माणसाच्या उंचीवरून झाड मोजा, झाडावरून डोंगर, डोंगरावरून पृथ्वीचा व्यास, पुढे ग्रहमाला, मग आकाशगंगा. बघा, झाडाची जागा कुठे आहे? खालून दुसरी पायरी! झाड म्हणजे त्याच्या दृष्टीनं फूटपट्टी. डोंगर मोजायला उपयोगी पडेल अशी एक मधली वस्तू. मन गोंधळून जावं, एकवटणं हरावं, इतकं मोठं काही झाडाच्या रूपानं समोर येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या मिवोक लोकांना ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, पण युरोपात त्यांची वार्ता पोचली ती १८५२-५३ नंतर. कांट तर १८०४ मध्येच गेलेला. मी त्या दिवशी जे बोलून गेलो त्याचा अर्थ इतकाच.

वार्ता कशी पोचली तेही ऐकण्यासारखं आहे. ऑगस्टस डाऊड नावाचा शिकारी जखमी अस्वलाच्या मागावर कॅलव्हेरासच्या राईत शिरला, असं सांगतात. त्यानं छावणीत परत येऊन झाडाचं वर्णन केलं तर लोकांनी त्याची टिंगल केली. पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, लोकांनी ते झाड पाडलं. एवढी लांब करवत कुणाकडे नव्हती, तेव्हा पंपाच्या कामाची लांबलचक गिरमिटं आणून बुंध्याला आरपार भोकांच्या रांगा पाडल्या. तीन आठवडे हे काम चाललं. वलयं मोजली ती बाराशेच्या वर भरली. राहिलेल्या खोडक्याचा माथा तासून सपाट केला आणि त्यावर नाचाचे कार्यक्रम झाले. १८५४ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका झाडाची, त्याला ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’ म्हणत, ११६ फूट उंचीपर्यंतची साल सोलून काढली. ती तुकड्यांनी न्यूयॉर्कला नेली, पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पुन्हा जोडून उभी केली. १८६६ च्या आगीत ती जळाली. सोललेलं झाड इकडे उभ्या उभ्या वाळून गेलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण हाही एक ‘दाखवण्याचा’ प्रयत्न होता. मोठेपणा सांगून पटत नाही, कागदावर मावत नाही, मग झाडाचं कातडंच घेऊन जा! लोकांनी पैसे देऊन पाहिलं, आणि तरी पुष्कळांचा विश्वास बसलाच नाही. त्यातच नावाचं भांडण. जॉन लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५३ मध्येच वेलिंग्टनच्या ड्यूकवरून ‘वेलिंग्टोनिया’ असं नाव ठेवून दिलं. अमेरिकन भडकले, आमचं झाड आणि तुमचा सेनापती? आज आपण जे सिकोयाडेंड्रॉन हे शास्त्रीय नाव वापरतो ते बऱ्याच नंतर, १९३९ मध्ये आलं. असो.

आता पहिला फोटो लावा. हा कार्लटन वॉटकिन्सचा, १८६१ सालचा. त्या काळी मोठी छायाचित्रं हवी तर तेवढीच मोठी काचेची प्लेट लागे. याच्या प्लेटा अठरा बाय बावीस इंचांच्या. त्या, भलामोठा कॅमेरा आणि रसायनं खेचरांवर लादून हा गृहस्थ डोंगरात गेला. समोर ग्रिझली जायंट आहे, आणि बुंध्याशी उभे आहेत गॅलन क्लार्क, जे पुढे या राईचे राखणदार झाले. म्हणजे माझ्या नातीच्या युक्तीचा शोध १८६१ मध्ये लागलेलाच होता. (हशा) या फोटोंनी एक मोठं काम केलं हे कबूल करायला हवं. ते पूर्वेकडच्या शहरांत पोचले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, आणि ३० जून १८६४ ला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकननं योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाची राई राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. फक्त फोटोंमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण जे कुणी पाहिलं नाही त्याच्यासाठी कायदा करायला लोक तयार झाले, यात त्या चित्रांचा वाटा आहे.

पुढचं चित्र अल्बर्ट बिअरस्टाट याचं. जन्म जर्मनीतला, वाढला अमेरिकेत. प्रचंड आकाराची निसर्गचित्रं हा त्याचा हातखंडा. १८७६ सालचं हे मॅरिपोसाच्या महावृक्षांचं चित्र जवळजवळ दहा फूट उंच आणि पाच फूट रुंद आहे. म्हणजे कॅनव्हासलाच त्यानं झाडाचा आकार दिला. मधोमध तोच आपला ग्रिझली जायंट, अंगावर ऊन घेऊन, आणि पायथ्याशी चिमुकली माणसं. आणि आता याच चित्रकाराचं दोनेक वर्षं आधीचं, साधारण १८७४ चं दुसरं चित्र बघा. इथे शेंडे दिसतच नाहीत. खोडं वरच्या चौकटीच्या बाहेर निघून गेली आहेत. खाली पाणी, आणि एका बुंध्याला त्रिकोणी काळी ढोली, तिच्याजवळ मूळ रहिवाशांपैकी तीन माणसं. एका बाईच्या पाठीवर टोपली आहे.

मला हे दुसरं चित्र जास्त आवडतं. पहिल्यात माणूस झाड मोजायला उभा केलाय. दुसऱ्यातली माणसं आपापल्या कामात आहेत; झाडाकडे कुणी मान वर करून बघत नाही. झाड मोठं आहे हे त्यांना नव्यानं कळलेलं नाही. पण याच चित्रात एक खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची तुकडी योसेमिटीच्या दरीत घुसली होती, आणि तिथल्या लोकांना हुसकून लावलं होतं. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात बसून हे चित्र पाहणाऱ्याला वाटावं की जंगल आणि जंगलातली माणसं दोन्ही जिथल्या तिथे सुखात आहेत. चित्र किती जिवंत आहे आणि किती खरं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

आता त्या मुंगीएवढ्या आजोबाकडे परत येतो. त्याच्यामुळे झाड मोठं दिसलं, ठीक. पण ‘केवढं मोठं?’ हा प्रश्न एकदा मानगुटीवर बसला की तो कुठे जाऊन थांबतो? ‘जगातलं सर्वात मोठं झाड’ म्हणून ज्याची ख्याती आहे ते ‘जनरल शर्मन’. २७५ फूट उंच. उंचीनं ते पहिलं नाही. किनाऱ्यावरचा रेडवूड त्याला सहज मागे टाकतो, आणि २००६ मध्ये सापडलेलं ‘हायपेरियन’ तर ११६ मीटरच्या आसपास आहे. मग शर्मन सर्वात मोठं कशात? खोडाच्या आकारमानात. सुमारे ५२,५०० घनफूट. घनफूट! मंडळी, लाकडाच्या वखारीत कधी गेलाय ना? सागाचा भाव कशावर विचारतात? घनफुटावर. ज्या झाडापुढे आपण हात जोडून उभे राहतो त्याचा मोठेपणा आपण वखारीच्या मापानंच ठरवलाय, आणि आपल्या ते लक्षातही आलेलं नाही.

याचा शेवट कसा होतो ते बघायचं तर कॉन्व्हर्स बेसिन नावाचं ठिकाण आहे. सिकोयांच्या मोठ्यातल्या मोठ्या राया तिथे होत्या. १८९० च्या दशकात तिथे बेसुमार तोड झाली. आणि वाईट याचं की सिकोयाचं लाकूड ठिसूळ. एवढं मोठं झाड खाली आदळलं की त्याच्या ठिकऱ्या उडत. उरल्यासुरल्यातून काय निघालं? कुंपणाचे खांब, छपराच्या फळ्या, द्राक्षमळ्यात वेलांना आधार द्यायच्या काठ्या. दोन हजार वर्षांच्या झाडाची द्राक्षाची काठी! त्या सगळ्या उजाड खोडक्यांमध्ये आज एक अवाढव्य झाड उभं आहे, ‘बूल ट्री’. तिथल्या लाकूड कंपनीच्या व्यवस्थापकाच्याच नावानं ते ओळखलं जातं. झाड राहिलं, त्याला नाव मिळालं, आणि त्याचं रान गेलं.

महावृक्षाचं चित्र काढताना अडचण आहे ती नेमकी इथे. एकाचं व्यक्तिचित्र जितकं ठसठशीत करावं तितकं बाकीचं रान मागे पडदा होऊन बसतं.

पूर्व आशियातल्या चित्रकारांपुढे हा प्रश्न कितीतरी आधी आला होता, आणि त्यांनी माणूस न घालता तो सोडवला. दोनच चित्रं दाखवतो. हे जपानी, कानो एइतोकूचं, १५९० च्या सुमाराचं. सोनेरी पार्श्वभूमीवर सुरूच्या जातीचा एक जुनाट वृक्ष. मुळात हे सरकत्या दारांवर होतं. खोड वर जाऊन चौकट फोडून निघून जातं, एक फांदी आडवी पसरते. झाड पूर्ण दाखवण्याचा त्यानं प्रयत्नच केलेला नाही. तुमची खोली त्याला पुरत नाही, बस्स, इतकंच तो सांगतो.

दुसरं चिनी, वन चंगमिंगचं, १५३२ सालचं. आज होनोलुलूच्या संग्रहालयात आहे. चांगशू गावच्या देवळातली सात पुराणी जुनिपर झाडं. देवळाची परंपरा सांगते की ती हजार वर्षांपूर्वी लावली. चित्र काढलं तेव्हा त्यांतली मूळची तीनच शिल्लक होती म्हणतात. हे चित्र म्हणजे आडवी गुंडाळी आहे. भिंतीवर टांगायची नाही. टेबलावर ठेवून डाव्या हातानं उलगडायची, उजव्या हातानं गुंडाळत जायची. एका वेळी हातभर भाग दिसतो. खोड पिळवटलेलं, मोडलेलं, पुन्हा फुटलेलं; कुठलं कोणत्या झाडाचं हे कळेनासं होतं. आणि शेंडा, बुंधा सगळं कागदाच्या कडांबाहेर.

आता कांट आठवा. तुकड्यातुकड्यानं घेत जा, पुढचं येताना मागचं निसटेल. कांटच्या लेखी ही मनाची हार होती, आणि त्या हारीतूनच बुद्धीचं मोठेपण तो दाखवणार होता. वन चंगमिंग म्हणतो, निसटू दे की. हजार वर्षांचं झाड एका नजरेत बघायचा हट्ट कशासाठी? त्याचा मोठेपणा उंचीत कमी, काळात जास्त आहे, आणि काळ असाच हातभर हातभर उलगडत जातो. हे चित्र काढताना तो बासष्ट वर्षांचा होता. मी पासष्टीनंतर पाहिलं, तिशीत पाहिलं असतं तर गुंडाळी पटकन संपवली असती.

(मध्येच सांगतो. २०१२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकनं ‘द प्रेसिडेंट’ नावाच्या सिकोयाचं छायाचित्र छापलं. मायकेल निकोल्सनं दोरांवरून कॅमेरा वरखाली नेत काढलेले १२६ फोटो जोडून एक केलेलं. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं स्पष्ट. अफाट कष्ट, अप्रतिम फोटो. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की जगातल्या कुठल्याही एका जागी उभं राहून ते झाड कुणाला तसं दिसत नाही. आणि हो, खोडावर माणसं लटकलेली आहेतच!)

आता जिच्यासाठी मी हा विषय घेतला त्या बाईंकडे येऊ. एमिली कार. जन्म १८७१, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया गावी. सॅन फ्रान्सिस्को, इंग्लंड, पुढे फ्रान्स, असं शिक्षण झालं. परत येऊन किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची गावं, प्रचंड सीडर खोडांतून कोरलेले त्यांचे टोटेम खांब, यांची चित्रं केली. १९१३ मध्ये व्हँकुव्हरला प्रदर्शन भरवलं, पण पोटापाण्याची सोय काही झाली नाही. मग सुमारे पंधरा वर्षं बाई भाडेकरू ठेवून घर चालवत होत्या, कुत्री पाळून विकत होत्या, मातीची भांडी करत होत्या. चित्रं जवळजवळ बंद. १९२७ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनानं त्यांची चित्रं मागवली, लॉरेन हॅरिससारखे चित्रकार भेटले, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ही बाई पुन्हा कामाला लागली. हॅरिसनंच त्यांना सुचवलं की आता खांब सोडा, ज्या रानातून ते आले त्या रानाकडे वळा.

सुरुवातीची, १९३१ च्या आसपासची रानाची चित्रं गडद आहेत. हिरव्याचे जड पडदे, आत शिरायला वाट नाही. मग साधनं बदलली. तैलरंग महाग, कॅनव्हास महाग. त्यांनी स्वस्तातला मनिला कागद घेतला, रंगात पेट्रोल घालून तो पातळ केला, आणि जलरंगासारखा भराभर फिरवायला लागल्या. १९३३ मध्ये एक जुनी गाडीमागे ओढायची खोली विकत घेतली, तिचं नाव ठेवलं ‘एलिफंट’, आणि कुत्री, माकड घेऊन रानात जाऊन राहायच्या. गरिबीतून आलेली युक्ती. पण तिनं चित्रच बदललं. आता हात थांबत नाही. एकाच वळणदार फटकाऱ्यात खोड, पाला, आकाश सगळं सळसळतंय. कुठलं झाड केवढं, हा प्रश्नच त्या चित्रापुढे सुचत नाही. माणूस तर चित्रात कुठेच नाही.

आणि माणूस तरी आहे. खोडक्यांच्या रूपानं. बाईंनी तोडलेलं रान रंगवलं. झाड पाडताना दोन बाजूंनी कापत आणतात, मधला थोडा भाग न कापलेला राहतो, आणि झाड कललं की तो भाग फाटतो. खोडक्यावर त्याच्या उभ्या चिरफाळ्या राहतात. रोजनिशीत त्यांनी या चिरफाळ्यांना ‘किंचाळ्या’ म्हटलंय. झाडाच्या काळजातून निघालेला आवाज तसाच गोठून राहिला, असं त्यांना वाटे.

हे १९३५ चं चित्र आज व्हँकुव्हरच्या कलादालनात आहे. चित्राच्या नावाचा भावार्थ असा : लाकूड म्हणून झिडकारलेलं, आकाशाचं लाडकं. बारीक, उंच, जवळजवळ उघडंबोडकं एक खोड, वर छोटासा झुपका, आणि त्याच्याभोवती सबंध आकाश प्रकाशाच्या लाटांनी फिरतंय. खाली तोडलेली जमीन. हे झाड महाकाय नाही. महाकाय होती ती गेली. हे राहिलं, कारण वखारवाल्याला त्यात काही मिळणार नव्हतं.

मला च्वांग त्झूची गोष्ट आठवते. एक सुतार शिष्यांबरोबर जात असतो. वाटेत ग्रामदेवतेच्या स्थानी अजस्र ओक. शिष्य थक्क होऊन बघत राहतात, गुरू ढुंकून बघत नाही. म्हणतो, निरुपयोगी लाकूड, नाव केली तर बुडेल, शवपेटी केली तर कुजेल. रात्री झाड त्याच्या स्वप्नात येतं आणि विचारतं, उपयोगी असतो तर एवढा वाढलो असतो का? पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट आपण शहाणपणाची म्हणून सांगत आलो. पण कारबाईंचं चित्र पाहिल्यावर मला ती थोडी अपुरी वाटायला लागली. निरुपयोगी म्हणून एक वाचलं, हे खरं. पण त्याच्या भोवतीची उपयोगी झाडं होती, त्यांचं काय? गोष्टीत ती नाहीतच. चित्रात त्यांची खोडकी आहेत.

आता एक शेवटचा मुद्दा, वेळ झालाय तरी. बिअरस्टाटच्या चित्रातली ती त्रिकोणी काळी ढोली आठवते? ती आगीनं केलेली आहे. सिकोयाची साल बुंध्याशी दोन फुटांपर्यंत जाड असते, ती सहजी पेटत नाही. उलट आगीच्या धगीनं त्याची शंकूसारखी फळं उघडतात, राखेवर बी पडतं, आणि वरचं छत मोकळं झालेलं असतं म्हणून रोपाला ऊन मिळतं. म्हणजे ही राई अधूनमधून लागणाऱ्या लहान आगींतच वाढलेली. राई ‘राखायला’ घेतल्यावर शतकभर प्रत्येक आग विझवली. मधे फरची दाट झाडं माजली, खाली वाळकं साठलं. १८९० च्या सुमाराचे फोटो आणि १९७० चे फोटो शेजारी ठेवले तर मोकळी राई गच्च झालेली दिसते. परिणाम काय? आग लागली की आता ती शेंड्यापर्यंत चढते. २०२० च्या एका आगीत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी दहा ते चौदा टक्के मेले, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जुलै २०२२ मध्ये मॅरिपोसाच्या राईपाशी आग आली तेव्हा ग्रिझली जायंटच्या बुंध्याभोवती पाण्याचे फवारे लावावे लागले होते. राई वाचली. पण ती वाचण्यात फवाऱ्यांहून मोठा हात होता तो आधीच्या वर्षांत मुद्दाम लावलेल्या छोट्या आगींचा.

एकट्या झाडाचं चित्र डोक्यात ठेवून रान राखलं की असं होतं. चित्रकारांनी ढोली रंगवली, आग कुणी रंगवली नाही.

एक प्रश्न घेतो. मागून कुणीतरी विचारतंय, की आपल्या वडाचं काय? चांगला प्रश्न, पण वडाची अडचण वेगळी आहे. त्याची उंची डोळ्यात मावते. कुठे संपतो ते कळत नाही. पारंबी जमिनीत जाते आणि खोड होते, मग एक झाड म्हणायचं की रान? नर्मदेतल्या बेटावरच्या कबीरवडाचं रेखाटन जेम्स फोर्ब्झ नावाच्या कंपनी सरकारच्या नोकरानं अठराव्या शतकात केलं, आणि त्यावरून जेम्स वेल्सनं १७८९ मध्ये तैलचित्र रंगवलं. हा वेल्स तोच, ज्यानं पुढे पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवलं. गंमत अशी की तो हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये. म्हणजे वड त्यानं न बघताच रंगवला होता! आणि हो, वडाखाली माणसं काढलेली आहेतच. पण ती मापाला नाहीत, सावलीला बसली आहेत. ते चित्र पुढच्या वेळी आणतो, तेव्हा सविस्तर बोलू.